आमच्या अनधिकृत पडद्याविषयी ताईस

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा खरोखरचा साष्टांग आहे. गेले तीन दिवस मी वायरी शोधत टेबलाखाली पालथाच पडलेला आहे, तोच तुझ्या दिशेला तोंड करून घातला असं समज.) तुझा गुडघा, भावजींची कंबर आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट यांपैकी सध्या काय काय चालू आहे ते कळव. इकडे आई ठणठणीत आहे, मी आहे तसाच आहे. घरात आजारी म्हणावा असा एक मॉनिटरच, आणि दुकानदाराच्या मते त्यालाही काही झालेलं नाही. फोन करायचा सोडून पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर आपण दोघं कुठे बोलतो, आई बोलते. मी फोन कानाला लावला की ती समोरच्या खुर्चीत येऊन बसते आणि तू काय म्हणणार आहेस ते तू म्हणायच्या आधी मला सांगते. शिवाय विषय जरा किचकट आहे. चष्मा लावून, शांतपणे, दोनदा वाच. काही भाग तोंडपाठ झाला तर फारच उत्तम.

मी गेले अकरा महिने एका चित्रपटाचे रंग जुळवत होतो हे तुला माहीत आहे. (माहीत आहे असं आपलं म्हणायचं. मागच्या खेपेला भावजींनी त्यांच्या साहेबांशी माझी ओळख 'हा रंगाचं काम करतो' अशी करून दिली, तेव्हा साहेबांनी मला गच्चीच्या गळतीबद्दल विचारलं होतं. मीही इतका वैतागलेलो होतो की आधी जुना थर खरवडून घ्या म्हणून सांगितलं.) तर पुन्हा एकदा सांगतो. सकाळी टिपलेला प्रसंग आणि चार दिवसांनी संध्याकाळी टिपलेला प्रसंग हे दोन्ही एकाच दुपारचे वाटले पाहिजेत, नायिकेचा चेहरा दाराबाहेर एका रंगाचा आणि दाराच्या आत दुसऱ्या रंगाचा दिसता कामा नये, हे बघणं माझं काम. ते नीट झालं तर काही काम झालंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. यासाठी मागच्या खोलीच्या भिंती मी राखाडी करून घेतल्या, कारण रंगीत भिंतीची झाक पडली की डोळा फसतो. आई म्हणाली, या खोलीत शिरलं की कुणीतरी गेल्यासारखं वाटतं. रंगीत कपडे घालून आत यायला मी तिला बंदी केली. मग तिने एक राखाडी शाल शोधून काढली आणि अकरा महिने माझ्या पाठीमागे स्टूल टाकून मटार सोलत बसली. ही मुलगी काविळीतून उठलीय का, आकाश असं कधी असतं का, हा माणूस मघाशी गोरा होता ना, असं तिचं चालायचं. चिडून मी तिला शंभरदा बाहेर काढलं असेल आणि तिचं म्हणणं बरोबर आहे म्हणून निदान ऐंशी वेळा रंग बदलला असेल.

आईला या सगळ्यातून हवं होतं ते एवढंच. शेवटी जी नावं खालून वर सरकत जातात ना, त्यांत तिला माझं नाव बघायचं होतं. तू थोरली, तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. बाबांनी छापखान्यात एकतीस वर्षं दुसऱ्यांची नावं शिशाचा एकेक खिळा लावून जुळवली. लग्नाच्या पत्रिकांवरची, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरची, निवडणुकीत पडलेल्या लोकांची. त्यांचं स्वतःचं नाव एकदाच छापून आलं, ते गेल्याच्या बातमीत. आईने तो कागद कपाटात ठेवलाय आणि त्याच्या शेजारी जागा मोकळी ठेवलीय. माझं नाव आलं की पडद्याचा फोटो काढून तिथे ठेवायचा, असं तिने पहिल्याच महिन्यात जाहीर केलं होतं. मी वरवर चेष्टा केली, पण मलाही ते हवं होतं. फार हवं होतं, खोटं कशाला बोलू?

आता माझ्या मॉनिटरबद्दल. एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा मी तो तिथून उचलून आणला. दोन माणसांनी धरल्याशिवाय तो हलत नाही, आणि चालू केल्यावर अर्धा तास तापल्याशिवाय तो खरं बोलत नाही. पण बोलला की खरंच बोलतो. दुकानांत झगमगणारे टीव्ही गिऱ्हाइकाला खूश करायला बनवलेले असतात, त्यांच्यात गवत विषारी दिसतं आणि माणसं उन्हात भाजून निघाल्यासारखी. हे मी आईला इतक्या वेळा ऐकवलं की ती आता पाहुणी म्हणून कुणाच्या घरी गेली तरी त्यांच्या टीव्हीकडे पाठ करून बसते. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही खोड असतेच, आपल्या पडद्याशिवाय जगातले सगळे पडदे खोटारडे. या खोडीची किंमत मी पुढे मोजली.

चित्रपट थेटरात लागणार नव्हता. तो घरबसल्या दाखवणाऱ्या एका कंपनीने घेतला आणि रविवारी दुपारी लावला. भावजींनी पाठवलेली, इंटरनेटवरून चित्रपट आणणारी साबणाच्या वडीएवढी डबी मी मॉनिटरला जोडली, आवाजाची वायर वेगळी काढून स्पीकरला दिली, पडदे ओढले. आईने शेजारच्या गणिताच्या बाईंना बोलावलं होतं (निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, अजून आपली रद्दी तपासून परत देतात), खालचा शिंपी दुकान अर्धं ओढून आला, आणि आपला सर्वज्ञ, म्हणजे आत्याचा थोरला, न बोलावता आला. सगळ्यांना राखाडी नाहीतर काळं घालून यायचा निरोप आईने आधीच दिलेला. खोलीत चार माणसं अशी बसली होती की वाटेवरून जाणाऱ्याने दारातूनच हात जोडले असते. डबीत चित्रपटांची यादी आली, आपल्या चित्रपटाचं चित्र आलं, आईने हातातला फोन फोटोसाठी नीट धरला, मी बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. आवाज मात्र व्यवस्थित येत होता. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. तिचा मथितार्थ असा की हा पडदा हे चित्र दाखवण्यास अधिकृत नाही.

ताई, हे नीट वाच. अधिकृत नाही! ज्या काचेवर मी त्या चित्रपटाचा एकूण एक क्षण अकरा महिने धुतला, पुसला, त्या काचेला तो बघायची परवानगी नाही. सर्वज्ञाला तर आनंद मावेना. त्याने उभं राहून समजावलं, आणि पहिल्यांदाच तो जे बोलला ते खरं निघालं. मी नंतर स्वतः वाचून खात्री केली, म्हणून तुला सविस्तर लिहितो. या प्रकाराला एचडीसीपी म्हणतात. वायरीतून जाणारं चित्र मधल्यामध्ये कुणी उतरवून घेऊ नये म्हणून घातलेलं हे कुलूप आहे. डबी चित्र पाठवण्याआधी पडद्याला विचारते, तू कोण? पडद्याच्या पोटात कारखान्यातच काही गुप्त आकडे घालून ठेवलेले असतात, डबीच्या पोटात तिचे असतात. दोघं आपापल्या आकड्यांवरून एक गणित सोडवतात. उत्तर जुळलं तर डबी चित्राला कुलूप लावून पाठवते आणि पडदा ते उघडून दाखवतो. नाही जुळलं, की काळोख. बरं, एकदा जुळलं म्हणून सुटका नाही. दर दोनेक सेकंदांनी डबी पुन्हा विचारते, अजून तूच आहेस ना? (आपली मोठी काकू फोनवर असं करायची.) मध्ये एका वायरीच्या दोन करणारी एखादी डबी असेल तर तिनेही आपले आकडे दाखवायचे. साखळीत एकाकडे जरी नसले तरी सगळी साखळी संशयित. आणि कुलपाच्या पिढ्याही आहेत. काल चालणारा पडदा आज जास्त स्पष्ट चित्र मागायला गेला की त्याला सांगतात, तुझं कुलूप जुनं झालं, नवं घेऊन ये. म्हणजे वायर तुटलेली नसते, डबी बिघडलेली नसते, पडदा फुटलेला नसतो, तिघंही आपापल्या जागी निर्दोष असतात आणि चित्र दिसत नाही. (या वाक्याखाली रेघ मार.)

माझ्या मॉनिटरकडे ते आकडे नाहीत, कारण तो चित्र बनवणाऱ्यांसाठी बनवलेला आहे. बनवणारा आपलंच चित्र चोरेल अशी शंका तेव्हा कुणाला आली नव्हती. गणिताच्या बाईंनी ते गणित नक्की काय आहे हे सर्वज्ञाला तीनदा विचारलं. त्याला सांगता येईना, तेव्हा त्या म्हणाल्या की आमच्याकडे चला, मुलाने नवा टीव्ही घेतलाय. सोपं होतं, दहा पावलांवर घर! पण आईने ताठ मानेने सांगितलं, याचे रंग याच्याच पडद्यावर बघायचे, लोकांच्या टीव्हीत माणसं भाजल्यासारखी दिसतात. माझंच वाक्य होतं, खोडून काढणार कसं?

आणि मग पुढचे दोन तास जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. आवाज चालूच होता. आई उठून काळ्या पडद्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने चित्रपट सांगायला सुरुवात केली. अकरा महिने मागे बसून तिला एक एक दृश्य पाठ झालेलं. आता ती खिडकीशी आली, पडदा निळा आहे, आधी हिरवट होता, मी बोलले म्हणून याने निळा केला. आता म्हातारा पायऱ्या उतरतोय, भिंतीवर ऊन आहे, खरं तर ऊन नव्हतं, हे ऊन याचं आहे. शिंप्याने मध्येच नायिकेच्या कपड्यांबद्दल विचारलं, तर आईने त्याला शिवण कुठे ढिली होती तेही सांगितलं. सर्वज्ञसुद्धा तिला पुढे काय होतं ते विचारायला लागला, यावरून काय ते ओळख. शेवटचं संगीत सुरू झालं तशी आई म्हणाली, थांबा, आता नावं. पाचही माणसं काळ्या काचेकडे बघत बसलो. आधी नटांची येतात, आईने सांगितलं, मग कॅमेरावाल्यांची, मग संकलन, मग रंग. तिने मनातल्या मनात काहीतरी मोजलं, काचेच्या मध्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, हे आत्ता आलं असेल. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

सोमवारपासून मी रणांगणात उतरलो. वायर बदलली, डबी बदलून पाहिली, कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने माझी तक्रार ऐकून घेतली आणि पडदा बंद करून चालू करायला सांगितलं. मी हा चित्रपट मीच रंगवलेला आहे असं सांगितल्यावर तिने तोच सल्ला सावकाश, मोठ्याने दिला. दुकानदाराकडे गेलो. (पन्नाशीचा आहे, प्रत्येक वाक्यानंतर उसासा टाकतो, त्यामुळे वाईट बातमी कुठली आणि साधी कुठली ते कळत नाही.) तो म्हणाला, मॉनिटर फेकून द्या. मी म्हटलं, तुमच्या दुकानात याच्यासारखा एक तरी खरा रंग दाखवा. त्याने उसासा टाकला. आणि कडेलोट म्हणजे आपला शिंपी! सोमवारी संध्याकाळी त्याने मला हाक मारून आत बोलावलं. त्याच्या फोनवर आख्खा चित्रपट होता, कुणीतरी पाठवलेला, चोरलेला. त्याला कुणी आकडे विचारले नाहीत, कुणी गणित घातलं नाही, तळहाताएवढ्या तडा गेलेल्या काचेवर तो सुखाने चालला होता. फक्त शेवटची नावं कापलेली होती, चोराला त्यांचा काय उपयोग? म्हणजे एवढं मोठं कुलूप कुणासाठी, तर माझ्यासाठी. चोर केव्हाच आत जाऊन, बघून, निघूनही गेला, आणि ज्याने घर रंगवलं तो दारात ओळखपत्र शोधत उभा. राग कुणावर काढायचा हेही समजत नाही. वायरीवर काढून झाला, तिला काही वाटलं नाही.

असो. फार लांबलं. भाच्यांना आशीर्वाद, त्यांतल्या धाकट्याला वायरींना हात लावू नको म्हणून सांग. भावजींना नमस्कार आणि डबीबद्दल आभार, तिचा दोष नाही. माया आहे ती तशीच असू दे, याहून जास्त आत्ता मागवत नाही.

तुझा,
ठोंब्या

ता. क. मंगळवारी आई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली होती. (डोळे उत्तम आहेत, नंबरही तोच आहे.) ती नसताना दुकानदाराने एक नवा पडदा तासाभरापुरता बघायला दिला होता, तो मी जोडला. आकडे जुळले. चित्र आलं. मी सरळ शेवटाला गेलो आणि नावं लावली. साडेचार मिनिटं नावं होती, ताई. नटाच्या कुत्र्याला खाऊ घालणाऱ्याचं नाव होतं. जनरेटरच्या ड्रायव्हरचं होतं. 'रंग' या शब्दापुढे ज्या मोठ्या स्टुडिओने मला घरी काम दिलं त्याच्या मालकाचं नाव होतं. अकरा महिन्यांत त्या गृहस्थाने स्वतः निवडलेला रंग एकच, त्याच्या कचेरीतल्या सोफ्याचा. मी नावं चार वेळा बघितली. स्टुडिओत फोन केला, तर करारात चौदाव्या पानावर तसं लिहिलंय आणि खाली माझी सही आहे म्हणाले. सही माझीच आहे. मग मी नवा पडदा काढून परत दिला, जुना जोडला आणि आई आल्यावर तिला सांगितलं की अजून जमलं नाही. पत्रात कुलपाला इतक्या शिव्या दिल्या त्या सगळ्या खऱ्या आहेत, पण मंगळवारपासून मी त्या कुलपाचा मिंधा आहे.

आणखी. आता खरं काम. आई पुढच्या शनिवारी महिनाभरासाठी तुझ्याकडे येते आहे. तुमचा टीव्ही नवा, त्याच्याकडे सगळे आकडे, सगळे परवाने असणार. 'याच्याच पडद्यावर' हा हट्ट तिने आता सोडला आहे, काल म्हणाली की ताईकडे का होईना बघू, भाजलेली माणसं तर भाजलेली. तेव्हा तिने विचारलं की तू वरचं सगळं घडाघडा म्हणून दाखवायचंस. आकडे जुळत नाहीत, मधली साखळी, कुलूप जुनं, दर दोन सेकंदांनी विचारपूस, सगळं. म्हणूनच इतकं बैजवार लिहिलंय. भावजींनाही पढव. ते खोटं बोलताना कान चोळतात, त्यांना सांग की हात खिशात ठेवा.

शेवटचं. पाकीट बंद करायचं राहिलं होतं, म्हणून हे गुरुवारी लिहितो आहे. आज दुपारी आई बाईंकडे, त्या नव्या टीव्हीच्या घरी, गेली ती अडीच तासांनी आली. मी विचारलं नाही. तिने चहा केला, माझा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, तुझं काम चांगलं झालंय. अकरा महिन्यांत हे तिने एकदाही म्हटलं नव्हतं. मग म्हणाली की तू ताईला पत्र लिहितोयसच तर माझाही निरोप घाल, माझे डोळे हल्ली फार दुखतात, मी येईन तेव्हा टीव्ही अजिबात लावू नका म्हणावं. तो निरोप घातला. तेव्हा वरचं काहीही पाठ करू नकोस. ती विचारणारच नाही.